मध्ययुगातल्या संतांचे चमत्कार वाचायचे कसे : मी करते ती पद्धत

बांद्र्याला मोत मावलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेला कधी गेलाय का? सप्टेंबरात त्या चढावर दोन्ही बाजूंनी स्टॉल लागतात आणि मेणाचे हात, पाय, डोकी, बाळं, घरं ओळीनं मांडलेली असतात, हल्ली तर विमानंसुद्धा, परदेशी जायचंय त्यांच्यासाठी. आजीचा गुडघा धरला त्या वर्षी आम्ही पाय घेतला होता, पिवळट रंगाचा, वीतभर लांब, आणि वर पोचेपर्यंत उन्हानं तो इतका मऊ झाला की माझ्या अंगठ्याचा ठसा त्याच्या पोटरीवर उमटला, आजीनं तसाच वाहिला.

खूप वर्षांनी मी एक यादी वाचली. इंग्लंडमधलं हेरेफर्ड नावाचं गाव, साल १३०७, तिथले बिशप थॉमस कँटिलूप १२८२ ला वारलेले आणि त्यांच्या थडग्यावर लोकांची रीघ लागलेली. त्यांना संत ठरवायचं का ते बघायला पोपनं पाठवलेली चौकशीची मंडळी आली आणि थडग्याभोवती लोकांनी काय काय वाहिलंय ते त्यांनी मोजून लिहून काढलं. चांदीची जहाजं १७०, मेणाची ४१, माणसांच्या किंवा अवयवांच्या मेणाच्या प्रतिमा १,४२४, कुबड्या १०८. वाचता वाचता मला तो मेणाचा पाय आठवला आणि पोटात काहीतरी हललं. सातशे वर्षांपूर्वीची माणसं, पण हातात धरलेली वस्तू तीच.

तेव्हापासून मी या कथा वाचतेय आणि ओळखीचे लोक विचारतात की सुरुवात कुठून करायची, कारण बहुतेकांना वाटतं एकतर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाहीतर थापा म्हणून सोडून द्यायचं. मला दोन्ही पटत नाही. श्रद्धा ज्याची त्याची, ती मी इथे मोजत नाहीये. पण या कथांमध्ये दाया आहेत, मोलकरणी आहेत, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या आहेत, गावातली पोरं आहेत, आणि त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याच कागदात ही माणसं इतक्या जवळून दिसत नाहीत. ती दिसावीत म्हणून कसं वाचायचं तेवढं सांगते.

सगळ्यात आधी तुमच्या हातात नेमका कुठला कागद आहे ते बघा. संताबद्दलचं लिखाण ढोबळमानानं चार जातींचं असतं. एक चरित्र. दुसरी चमत्कारांची नोंदवही, म्हणजे थडग्यापाशी बसलेल्या साधूनं आलेल्या-गेलेल्यांकडून ऐकून लिहिलेली. तिसरे चौकशीतले जबाब, साक्षीदाराला शपथ देऊन घेतलेले. आणि चौथं म्हणजे नंतरच्या काळात लोकांनी रंगवून सांगितलेल्या गोष्टी, ज्या पुढे चित्रांत आणि प्रवचनांत गेल्या. आपल्याला लहानपणापासून माहीत असतं ते बहुतेक चौथ्या जातीचं, आणि लोक नेमके त्याच्यावरूनच भांडतात.

उदाहरण संत अंतोनीचंच घ्या, आपल्याकडे वसईत, गोव्यात घराघरात ज्याचा फोटो असतो, हातात बाळ येशू आणि लिलीचं फूल, वस्तू हरवली की ज्याच्याकडे पहिली धाव. जन्म लिस्बनचा, मृत्यू १३ जून १२३१ ला इटलीतल्या पादुआजवळ, आणि वर्ष उलटायच्या आत, ३० मे १२३२ ला पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत जाहीर केलं. त्याच सुमाराला एका फ्रान्सिस्कन साधूनं, नाव न घालता, त्यांचं पहिलं चरित्र लिहिलं आणि शेवटी ५३ चमत्कारांची यादी जोडली. आता मजेची गोष्ट बघा, रिमिनीच्या किनाऱ्यावर माशांनी डोकी वर काढून प्रवचन ऐकलं ही जी सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट, ती या पहिल्या चरित्रात नाही. खेचरानं पवित्र भाकरीपुढे गुडघे टेकले, तीही नाही. त्या नंतरच्या. यादीत जे आहे ते बहुतेक मृत्यूनंतर थडग्यापाशी बरे झालेल्या लोकांचं आहे, लुळे, आंधळे, बहिरे, आकडीवाले, एकेकाला दोनचार ओळी.

आणि त्यातच एक पेल्याची गोष्ट आहे जी मला माशांपेक्षा जास्त आवडते. आलेआर्दिनो नावाचा सरदार, लहानपणापासून चर्चच्या विरोधी पंथातला, बायकोपोरांना घेऊन पादुआला आलाय. जेवायला बसलेत, आणि गावात दुसरा विषयच नाही, सगळे अंतोनीबद्दलच बोलतायत. त्यानं हातातला काचेचा पेला रिकामा केला आणि म्हणाला, तुमच्या संतानं हा पेला न फुटता ठेवला तर मानेन, आणि वरच्या मजल्यावरून खाली दगडी फरशीवर फेकला. पेला फुटला नाही. तो खाली पळत गेला, पेला उचलला आणि तसाच हातात घेऊन साधूंकडे गेला. आता खरं-खोटं क्षणभर राहू द्या आणि बघा आपल्याला किती मिळालं ते. अंतोनी गेल्यावर लगेचच पादुआत जेवणाच्या ताटावर काय बोललं जात होतं ते मिळालं, न मानणारे लोक त्याच टेबलावर बसून उघड वाद घालत होते हे मिळालं, आणि यादी लिहिणाऱ्या साधूला सर्वात जास्त समाधान कशाचं होतं तेही कळलं.

जुनं ते खरं आणि नंतरचं ते खोटं असा याचा अर्थ मात्र काढू नका, नवीन वाचणारे हीच चूक करतात. नंतरची गोष्ट नंतरच्या लोकांबद्दल सांगते, एवढंच. गोव्यात शिवोलीच्या चर्चमधला अंतोनी बघा, त्याच्या हातात दोरी आहे आणि दोरीला साप. चर्च बांधताना सापानं त्रास दिला आणि संतानं त्याला पकडला असं तिथले लोक सांगतात. इटलीतल्या कागदात हा साप शोधत बसलात तर सापडणार नाही, तो शिवोलीचाच. गोव्यात १६५५ साली आंतोनियो द साल्दान्य नावाच्या जेझुइट पाद्रींचं अंतोनीचं चरित्र इथल्या लोकांसाठी इथल्या बोलीत छापलं गेलं, म्हणजे हा संत आपल्या भाषेत येऊनच साडेतीनशे वर्षांच्या वर झाली. प्रत्येक थराला त्याचं साल लावायचं, मग थर एकमेकांत मिसळत नाहीत.

नावांचंही सांभाळा. राय नावाच्या धान्यावर बुरशी येऊन ते खाल्ल्यानं अंग जळल्यासारखं व्हायचं, त्या रोगाला अंतोनीची आग म्हणत, पण तो अंतोनी वेगळा, इजिप्तच्या वाळवंटातला, पादुआवाल्याच्या कितीतरी आधीचा. थॉमसचं तर विचारूच नका, कँटरबरीचा बेकेट वेगळा, हेरेफर्डचा कँटिलूप वेगळा, अक्विनास वेगळा. गाव आणि मृत्यूचं साल जवळ लिहून ठेवलं की गोंधळ होत नाही.

आता मुख्य काम. गोष्ट हातात आली की तिला प्रश्न विचारायचे, आणि हे प्रश्न मी बनवलेले नाहीत, ते त्याच काळातले आहेत. हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ हिला संत ठरवण्याआधीची चौकशी लावताना १२३२ मध्ये नववे ग्रेगरी यांनी साक्षीदारांना काय काय विचारायचं ते ठरवून दिलं होतं. तुला हे कसं माहीत? कुठल्या वेळी, कुठल्या महिन्यात, कितव्या दिवशी, कुठे घडलं? तिथे कोण कोण होतं? कुणाचा धावा केला, नेमके शब्द काय होते? ज्याच्यावर चमत्कार झाला त्याचं नाव काय, तू त्याला आधीपासून ओळखत होतास का? आधी किती दिवस आजारी बघितलंस आणि नंतर किती दिवस बरा बघितलंस? पंचनाम्यालाच बसलेत जणू. ज्यांना वाटतं मध्ययुगात लोक काहीही ऐकून माना डोलवायचे त्यांनी ही प्रश्नावली वाचावी. मी ती वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेवलीय आणि प्रत्येक गोष्टीशेजारी उत्तरं भरते, जिथे उत्तर मिळत नाही तिथे रेघ मारते. रेघा किती पडल्या त्यावरूनच कळतं हातात कुठल्या जातीचा कागद आहे.

करून दाखवते एकदा. हेरेफर्डच्याच त्या १३०७ च्या चौकशीतलं प्रकरण. वेल्समधलं स्वॉन्झी, नोव्हेंबर १२९०. विल्यम क्रॅग नावाचा वेल्श बंडखोर, तिथला जहागीरदार विल्यम द ब्रिऊझ यानं त्याला फाशी दिली, सोबत आणखी एकाला. जहागीरदाराच्या बायकोनं, लेडी मेरीनं, आधी नवऱ्याकडे त्यांचे प्राण मागितले होते, त्यानं ऐकलं नाही. लटकवल्यावर फाशीचं लाकूडच मोडलं, दोघे खाली पडले, क्रॅगला पुन्हा वर बांधला. शेवटी मेला म्हणून उतरवला आणि गावातल्या एका घरात नेऊन ठेवला. मेरीबाईंनी थॉमस कँटिलूपचा धावा केला आणि क्रॅगचं शरीर दोऱ्यानं मापायला लावलं. हळूहळू त्यात हालचाल दिसायला लागली आणि पुढच्या काही दिवसांत माणूस उठून बसला. मग जहागीरदार, बाई आणि क्रॅग हेरेफर्डला गेले, क्रॅग गळ्यात तोच फास घालून, आणि तो दोर त्यांनी थडग्यापाशी वाहिला.

प्रश्न लावा आता. कोण सांगतंय? नऊ साक्षीदार. त्यात खुद्द मेरीबाई, त्यांचा सावत्र मुलगा, घरचा धर्मगुरू, आणि कमाल म्हणजे स्वतः क्रॅग, जो आता हयात नाही असं चौकशीवाल्यांना वाटत होतं आणि जो चालत येऊन हजर झाला. कधी सांगतायत? घटनेला सतरा वर्षं झाल्यावर. कुठल्या भाषेत? बाई फ्रेंचमध्ये, क्रॅग वेल्शमध्ये दुभाष्यांमार्फत, आणि लिहून घेणारा लॅटिनमध्ये लिहितोय. म्हणजे आपल्यापर्यंत येणारा क्रॅगचा प्रत्येक शब्द दोनदा भाषांतर होऊन आलाय, हे विसरून चालत नाही. जबाब जुळतात का? किती वेळ लटकत होता, केव्हा उतरवला, यावर जुळत नाहीत. मला उलट याच गोष्टीमुळे हे जबाब जवळचे वाटतात, आमच्या घरात वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाबद्दल विचारा, तिघं तीन गोष्टी सांगतील आणि लग्न मात्र झालेलंच असतं.

आणि मग तपशील, तिथे थांबायचं. सावत्र मुलाच्या जबाबात मेलेल्याचा चेहरा आहे, काळा पडलेला, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, रक्तानं भरलेले, जीभ बोटभर बाहेर, काळी, सुजून दोन मुठींएवढी. बापाच्या हुकमानं दिलेली फाशी आणि सतरा वर्षांनंतर मुलगा हे इतकं बारीक सांगतोय, म्हणजे ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढून गेलेलं नव्हतं. क्रॅगच्या जबाबात एक पेनी आहे, संताच्या नावानं वाकवलेली, पट्ट्यात लपवून ठेवलेली. नाणं वाकवलं की ते नवसाचं झालं, ते मग खर्चायचं नसतं. आपल्याकडे हळदीच्या फडक्यात नाणं बांधून देवापुढे बाजूला ठेवतात तसंच. फाशीला जाणाऱ्या माणसाजवळ उरलेली ती एक आशा, वाकडी केलेली.

दोऱ्याचं मापसुद्धा समजून घ्या कारण ते इंग्लंडातल्या या नोंदींमध्ये सारखं येतं. आजारी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत दोऱ्यानं मापायचं, मग त्या दोऱ्याची वात करून मेणबत्ती ओतायची आणि थडग्यावर न्यायची. म्हणजे त्या माणसाच्या उंचीएवढी वात तिथे जळायची. हेरेफर्डजवळच्या मार्डन गावातली जोआना, पाच वर्षांची, मासे पाळायच्या तळ्यात बुडालेली, तिलाही असंच मापलं, आणि १३०७ ला तिच्या बापानं जबाब दिला, मोठी झालेली जोआनासुद्धा आली. पाच वर्षांच्या पोरीचा दोरा केवढा असेल, हाताने करून बघा एकदा. मी माझ्या भाचीचा करून बघितला आणि त्यानंतर ते पान मला शांतपणे वाचता आलं नाही.

शब्दांबद्दल एक सूचना. कागदात ‘मेला’ लिहिलंय म्हणजे आजच्या डॉक्टरनं सही केलेलं मेलं असं धरू नका, श्वास दिसत नाही, अंग गार, लोक रडायला लागलेत, याला ते मेला म्हणत. तसंच ‘बरा झाला’ म्हणजे दरवेळी ताडकन उठून पळत सुटला असं नसतं, कित्येकदा आठवडे लागतात, थोडं बरं वाटतं, पुन्हा उलटतं. पण म्हणून लगेच आजचं निदान चिकटवायची घाईपण नको, अमक्याला हिस्टेरिया होता, तमक्याला अर्धांगाचा झटका. निदान चिकटवलं की आपलं वाचणं तिथेच संपतं आणि माणूस हातातून निसटतो.

साचे ओळखायला शिका. एलिझाबेथ पदरात गरिबांसाठी भाकरी लपवून नेत होती, कुणीतरी अडवलं, पदर उघडला तर गुलाब निघाले. सुंदर गोष्ट आहे. पण तिच्या चौकशीच्या कागदात ती नाही, आणि हीच गोष्ट पोर्तुगालच्या एलिझाबेथबद्दलही सांगतात. असे साचे गावोगाव फिरतात. आपल्याला हे नवीन नाही, एकच अनुभव दोन वेगळ्या संतांच्या नावावर आपणही कीर्तनात ऐकलेला असतो. साचा दिसला की गोष्ट फेकून द्यायची नाही, एवढंच विचारायचं की या गावाला हा साचा का लागला. एलिझाबेथच्या बाबतीत उत्तर कागदात आहेच, राजाची मुलगी असून तिनं जर्मनीतल्या मारबुर्गला इस्पितळ काढलं, स्वतः रोग्यांची सेवा केली आणि चोविसाव्या वर्षी गेली. गुलाब नंतर आले, भाकरी आधीपासून होती.

छोट्या चमत्कारांवरून घाईनं पुढे जाऊ नका. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा २९ डिसेंबर ११७० ला कॅथीड्रलमध्येच खून झाला, ११७३ ला संतपद मिळालं, आणि बेनेडिक्ट व विल्यम या दोन साधूंनी मिळून सातशेच्या वर चमत्कार नोंदवले. त्यात डोळे परत आलेले लोक आहेत, उठून बसलेली मेलेली मुलं आहेत, आणि त्यातच एक मुलगी आहे जी चीज कुठे ठेवलं ते विसरली आणि संतानं स्वप्नात येऊन जागा सांगितली. राजाशी वैर घेऊन तलवारीखाली मेलेला आर्चबिशप, त्याच्याकडे चीज मागायला त्या पोरीला संकोच वाटला नाही. ही जवळीक मोठ्या चमत्कारांत सापडत नाही.

नवस न फेडल्याच्या गोष्टी तर नक्की वाचा, आपल्याला त्या विनासायास कळतात. जॉर्डन नावाचा सरदार, घरात रोगराई, आधी दाई गेली, मग दहा वर्षांचा मुलगा. यात्रेकरूंकडून बेकेटचं पाणी मिळालं, म्हणजे त्यांच्या रक्ताचा अंश मिसळलेलं पाणी, जे लोक शिशाच्या छोट्या कुप्यांतून गळ्यात घालून गावोगाव न्यायचे. ते पाणी मुलाच्या तोंडात घातलं, पुरायचं थांबवलं, मुलगा उठला. जॉर्डननं कबूल केलं की लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांच्या, मध्यापर्यंत कँटरबरीला येतो. गेला नाही. संतानं जवळच्याच एका महारोग्याला दृष्टांत दिला की त्याला जाऊन सांग. निरोप पोचला, तरी गेला नाही. मग मोठा मुलगा गेला. आणि तेव्हा आईबाप रडत निघाले. कँटरबरीच्या ट्रिनिटी चॅपलच्या काचेत ही अख्खी गोष्ट रंगवलेली आहे, शेवटच्या चौकटीत थडग्यावर नाणी ओतली जातायत. ही गोष्ट कठोर आहे आणि ती मऊ करून सांगू नये. पण लिहिणारे साधू थडग्यापाशीच राहणारे होते, नवस फेडले गेले तरच थडगं चालणार, हेही लक्षात ठेवून वाचा, दोन्ही एकदम लक्षात ठेवता येतं.

लिहिणारा कोण हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नका खरं तर. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला आँजेचा बर्नार नावाचा शिक्षक फ्रान्समधल्या काँकला गेला, तिथे संत फॉय या बालहुतात्म्याची सोन्यानं मढवलेली मूर्ती आहे. पहिल्यांदा बघून तो सोबत्याकडे वळून हसला, मूर्तीपुढे काय डोकं टेकायचं म्हणून. तोच बर्नार पुढे तिच्या चमत्कारांचा लेखक झाला. डोळे उपटले गेले होते आणि परत आले असं सांगणाऱ्या गिबेर नावाच्या माणसाला तो स्वतः भेटला, आणि स्वतःचं ते पहिलं हसूही त्यानं लपवलं नाही. असा लेखक मिळाला की मी हळू वाचते.

सुरुवात कशानं करायची विचाराल तर मोठे कथासंग्रह आधी घेऊ नका, त्यात सगळं घोटून एकसारखं केलेलं असतं. एका संताची एकच नोंदवही घ्या, बेकेटची किंवा कँटिलूपची, इंग्रजी भाषांतरातले उतारे मिळतात. रोज एकच गोष्ट. वहीत डाव्या पानावर गोष्ट चार ओळींत मराठीत लिहा, आपल्या भाषेत लिहिताना कळतं की आपल्याला कुठे समजलं नव्हतं, उजव्या पानावर ग्रेगरींचे प्रश्न. आणि खाली एक वस्तू लिहायची, त्या गोष्टीत कुणाच्या तरी हातात असलेली. पेला, पेनी, दोरा, शिशाची कुपी, फास. माझ्या वहीत अशा वस्तूंची सात पानं झालीत आणि पहिल्या पानावर, सगळ्यात वर, आजीच्या मेणाच्या पायाची नोंद आहे, वर्षासकट.